अक्काचा जेल आणि लंकेची बोट

पोलीस रविवारी सकाळी येणार ही बातमी भिकनरावांच्या घरात पोचायच्या आधी सबंध कॉलनीत पोचली होती. शनिवारी संध्याकाळी साध्या कपड्यातला एक माणूस जेल रोडच्या पानटपरीवर सगुणाबाईंचं घर विचारत आला, आणि टपरीवाल्यानं त्याला परस्पर सांगून टाकलं, की आज त्या विहारात आहेत, उद्या या, उद्या रविवार आहे, सगळेच भेटतील. आपल्या घरी पोलिसानं कधी यायचं हेसुद्धा पानवाला ठरवणार, म्हणून विमलाबाई रात्रभर चडफडत राहिल्या.

विमलाबाईंना पोलिसाची भीती नव्हती. भीती होती ती पासपोर्ट अडकण्याची. त्यांची नणंद सगुणाबाई, म्हणजे सगळ्या कॉलनीची अक्का, विहाराच्या मंडळींबरोबर लंकेला निघाली होती. रेल्वेनं रामेश्वरम, तिथून बोट, मग अनुराधपूरचा बोधिवृक्ष, असा महिनाभराचा बेत होता आणि पावसाळ्यातला वर्षावास संपला की मंडळी निघणार होती. मागच्या पौर्णिमेला या प्रवासावरून घरात जे रणकंदन झालं, त्यात धाकटा दीर जयराम विरुद्ध गेला, नवऱ्यानं, म्हणजे भिकनरावांनी, नेहमीप्रमाणे पेपर उघडला, आणि अक्काच्या बाजूनं एकट्या विमलाबाई उभ्या राहिल्या. भावजय आपली बाजू घेते आहे हे पाहून खुद्द अक्काला संशय आला होता.

संशय रास्तच होता. विमलाबाईंच्या मनात धम्म नव्हता असं नाही, पण धम्माच्या आधी त्यांच्या मनात स्वयंपाकघर होतं. लग्न झाल्यापासून त्या स्वयंपाकघरात त्यांनी स्वतःच्या मनानं एक आमटी केली नव्हती. विधवा होऊन माहेरी आलेली अक्का चुलीपाशी जी बसली ती बसलीच. पुढे चुलीचा स्टोव्ह झाला, स्टोव्हचा गॅस झाला, पण अक्का हलली नाही. आता महिनाभर ती समुद्रापलीकडे असणार होती. त्या महिन्यात काय काय करायचं, कुठला डबा कुठल्या फळीवर हलवायचा, हे विमलाबाईंनी मनाशी पक्कं केलेलं होतं.

आणि त्याहून मोठं सुख म्हणजे महिनाभर कानावर जेल पडणार नव्हता.

चौसष्ट सालच्या जमिनीच्या सत्याग्रहात अक्का जेलात गेली होती. भूमिहीनांना पडीक जमीन द्या म्हणून गावोगावची माणसं निघाली, त्यात नाशिक रोडच्या बायकांच्या तुकडीत अक्का पुढे होती. तेव्हापासून भाजीत मीठ कमी पडलं की "जेलातली भाजी याच्यापरीस बरी व्हती" असं ऐकू यायचं. सून-मुलींपैकी कुणी थंडीत कुरकुरलं की "जेलात फरशीवर निजलो आमी" हे ठरलेलं. कॉलनी तर जेल रोडलाच. रिक्षा जेलच्या लांबलचक भिंतीजवळून जाऊ लागली की अक्का पदर सावरून बसायची आणि रिक्षावाल्याला बराक दाखवायची. जयंतीच्या मिरवणुकीत तिला पहिल्या रांगेत जागा होती, बारशाला पहिलं कुंची-टोपडं तिच्या हातून जायचं, आणि दोन घरांत भांडण झालं तर निवाड्याला तिलाच बोलावत, कारण जेलात जाऊन आलेल्या बाईसमोर कुणी आवाज चढवत नसे.

रविवारी सकाळी जयराम आठलाच हजर झाला. तो नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होता आणि घरातल्या माणसांकडेही तो पाचवीचा वर्ग असल्यासारखा बघायचा. प्रवासाला त्याचा विरोध होता, पण कागदपत्रांचं काम आलं तेव्हा ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही, असं म्हणून फॉर्म त्यानंच भरला होता.

"दादा, तू बोलायचं नाहीस," त्यानं भिकनरावांना बजावलं. "तू सरकारी प्रेसमधला माणूस. नोकरीला धक्का नको."

भिकनरावांनी मान डोलावली. पासपोर्टाच्या बाबतीत ते आधीच विटलेले होते. पासपोर्टाची पुस्तकं त्यांच्याच प्रेसमध्ये छापली जातात हे कळल्यापासून दिंडोरीकडचे पाहुणे त्यांच्या मागे लागले होते, की एवढी रास पडलेली असते तर अक्कासाठी एक पुस्तक डब्यात घालून आणायला काय होतं. गेटवर डब्यातला भातसुद्धा उकरून बघतात, हे सांगून भिकनरावांचं तोंड दुखलं. शेवटी ते एवढंच म्हणू लागले होते, की माझ्या हाताखालून गेलेलं पुस्तक आधी मुंबईला जाणार, तिथं त्यावर अक्काचं नाव पडणार आणि मग ते पोस्टानं परत नाशिक रोडला येणार. पाहुण्यांना यात भिकनरावांचा नाकर्तेपणाच दिसायचा.

"आता मी पोलीस," जयराम खुर्चीवर बसत म्हणाला. "अक्का, तुझं पूर्ण नाव?"

अक्कानं नाव सांगितलं.

"कधी कोर्टानं शिक्षा केली आहे?"

"केली की."

जयरामनं डोळे मिटून घेतले. "अक्का, फॉर्ममध्ये मी तिथं 'नाही' लिहिलंय. तू त्याखाली सही केली आहेस."

अक्का जागची उठली. साक्षरतेच्या वर्गात जाऊन ती सही शिकली होती आणि त्या सहीचा तिला जेलाच्या खालोखाल अभिमान होता. "माझी सही खोट्याखाली घेतली तू? म्या काय चोरी केली व्हती का रं, लपवायला?"

"चोरी नाही. पण जेल म्हटला की फाईल वर जाते. वर गेलेली फाईल खाली यायला वर्ष लागतं. तोवर तुझी मंडळी लंकेला जाऊन परत येतील."

"मंग जाऊ दे. तितं झाडाखाली उभं राहून काय सांगू मी? खोटं लिहून आले म्हनून?"

"अक्का," भिकनराव पेपरामागून हळूच म्हणाले, "नुसतं गप्प राहिलं तरी चालेल."

"तुला चालंल. तुला गप्प ऱ्हायची सवय हाय."

विमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मनात आलं, की आत्ता आपण चार शब्द बोललो तर हा सगळा तमाशा जागच्या जागी संपेल. कारण अक्का जेलात गेलीच नव्हती, आणि हे अक्काखेरीज या घरात फक्त विमलाबाईंना ठाऊक होतं.

त्यांना ते कळलं दिंडोरीच्या एका लग्नात. पंगतीत त्यांच्या लांबच्या मावशीनं, कुसाबाईनं, वाढता वाढता सहज म्हटलं, "तुझ्या ननंदेचा हात भुईमूग उपटायला लय चलाख. त्या सत्याग्रहाच्या साली पंधरवडाभर व्हती ना आमच्याकडं." विमलाबाईंच्या तोंडात तेव्हा बुंदीचा लाडू होता. त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं ते असं. सत्याग्रहींना पकडून नेलं खरं, पण जेल शिगोशिग भरलेला. मग शेवटच्या गाडीतल्या बायकांना वणीच्या रस्त्यावर लांब नेऊन सोडून दिलं आणि घरी जा म्हणून सांगितलं. बाकीच्या बाया आपापल्या गावी गेल्या. अक्का कुसाबाईच्या मळ्यात थांबली, आणि जेलातली माणसं सुटली त्या दिवशी त्यांच्याबरोबर हार घालून घेऊन घरी आली. प्रत्येकीला वाटलं, की ती दुसऱ्या बराकीत असेल.

लाडू गिळताना विमलाबाईंना इतका आनंद झाला होता, की घरी येईपर्यंत त्या बसमध्ये आपल्याशीच हसत होत्या. आता पहिल्या भांडणातच अक्काच्या पदरात हे टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिलं भांडण झालं, दुसरं झालं, भाऊबीजेचं ते मोठं झालं. दर वेळी त्यांना वाटायचं, आज नको, याहून मोठं काही निघेल तेव्हा. आजसुद्धा त्यांनी कणीक मळली आणि तोंड बंद ठेवलं. जयरामपुढे अक्का पडलेली बघायची त्यांची इच्छा नव्हती. पाडायचीच असेल तर ती आपण, आणि एकटीनं.

तेवढ्यात बाहेरून शेजारच्या शकुबाईचा आवाज आला, आणि जयराम ताडकन उठला. पोलीस आला होता, आणि घरात न येता आधी शेजारी गेला होता.

शकुबाईला काल एवढंच सांगितलं होतं, की पोलीस आला तर अक्काविषयी चांगलं बोल. आता अक्काविषयी सगळ्यात चांगलं काय, हे कॉलनीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. शकुबाईनं पोलिसाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि छाती फुगवून सुरुवातच तिथून केली.

"साहेब, अक्कासारखी बाई या कॉलनीत दुसरी नाय. जेलात जाऊन आलीय ती."

पोलिसाचा पाण्याचा तांब्या तोंडाशी तसाच राहिला. "जेलात?"

"मंग? आमच्या कॉलनीची शान हाय ती."

एव्हाना चार ओट्यांवरच्या बाया गोळा झाल्या होत्या. कुणी म्हणालं, अक्कानं जेलात उपोषण केलं होतं. कुणी म्हणालं, जेलरनं तिच्यापुढे हात जोडले होते. पलीकडची नवसाबाई तर म्हणाली, की गरज पडली तर अक्का उद्यासुद्धा जेलात जाईल, साहेबांनी खात्री बाळगावी. जयराम गर्दीतून वाट काढत तिथं पोचेपर्यंत अक्काच्या गुन्हेगारीवर सबंध आळीचं एकमत झालेलं होतं.

"मी रंगनाथ, हवालदार," पोलीस उठून म्हणाला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, थकलेला माणूस होता तो. "अर्जदार बाई कोण?"

"मी," अक्का आपल्या दारातून म्हणाली.

"फॉर्ममध्ये तर लिहिलंय शिक्षा नाही."

"त्याचं असं आहे साहेब," जयराम पुढे झाला, "अडाणी बायका आहेत, कोणत्या गोष्टीला जेल म्हणायचं..."

"अडानी कुनाला म्हनतो रं?" शकुबाई म्हणाली.

"साहेब, फार्मात चुकलंय," अक्का म्हणाली. तिनं नेसूचं लुगडं नीट केलं होतं आणि दारावरच्या तसबिरीखाली ती ताठ उभी होती. "मी जेलात व्हते, चौसष्टच्या सत्याग्रहात. ल्ह्या तुमी."

भिकनरावांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, यावरून प्रसंग कुठल्या थराला गेला ते विमलाबाईंना कळलं.

"कुठल्या जेलात?" हवालदारानं विचारलं.

"ह्याच."

"मग काय अडचण आहे," तो खिशाला पेन लावत म्हणाला. "जेल तर इथं हाकेच्या अंतरावर. तिथला जमादार माझ्या ओळखीचा आहे. चौसष्ट सालचं रजिस्टर बघून येतो. किती दिवस होत्या, कुठलं कलम, सगळं तारीखवार निघेल. आल्यावर तुम्हाला वाचूनच दाखवतो."

"बघून या साहेब," शकुबाई म्हणाली. "आमालाबी ऐकायचंय."

विमलाबाईंची नजर अक्काकडे गेली. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी अक्काला रागावलेली पाहिली होती, रुसलेली पाहिली होती, नवऱ्याच्या पुण्यतिथीला रडताना पाहिली होती. घाबरलेली कधी पाहिली नव्हती. अक्काचा हात दाराच्या चौकटीवर गेला आणि तिथंच राहिला. हवालदार ओट्याच्या दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला, बाया त्याला वाट करून देऊ लागल्या, आणि नवसाबाई म्हणाली, की मीपण येते, मला बराक बघायचीय.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आपोआप घडत होतं. विमलाबाईंना बोटही उचलायचं नव्हतं. नुसतं दारात उभं राहून बघायचं होतं. पण त्यांनी कणकेचे हात पदराला पुसले आणि त्या पुढे झाल्या.

"साहेब," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "चहा घेतल्याशिवाय आमच्या दारातून कुणी जात नाही."

"आल्यावर घेतो की."

"चहा उकळून तयार आहे. आत या. तुम्हाला फॉर्मचं एक विचारायचंही आहे."

"वहिनी, फॉर्मचं मला विचारा," जयराम म्हणाला.

"भावजी, तुम्ही बाहेर बसा," विमलाबाई म्हणाल्या, आणि असा आवाज त्यांच्या तोंडून जयरामनं पूर्वी ऐकलेला नसल्यामुळे तो खरंच बसला.

स्वयंपाकघरात हवालदार पाटावर बसला. चहा उकळलेला नव्हता. ठेवलेलाच नव्हता. विमलाबाईंनी गॅस पेटवला, भांडं आदळलं, नळ सोडला, आणि एवढ्या आवाजाच्या आडोशानं त्याला सगळं सांगून टाकलं. शेवटची गाडी, वणीचा रस्ता, कुसाबाईचा मळा, भुईमूग. सांगताना त्यांना एकदाही हसू आलं नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

हवालदारानं पाट जरा पुढे ओढला. "बाई, सगळी नोकरी जेल लपवणाऱ्यांची तपासणी करण्यात गेली. जेल नसताना आहे म्हणून भांडणारी मला पहिलीच भेटली."

"हसू नका. बाहेर ऐकू जाईल."

"पण मग चांगलंच आहे. फॉर्म बरोबर आहे, काम झालं. मी बाहेर जाऊन सांगतो, तुमच्या नावावर काहीही नाही."

"तेच सांगू नका."

"मी खोटं लिहीत नसतो, बाई."

"लिहा की खरं. खरंच लिहा. फक्त वाचून दाखवू नका."

त्यानं पेला हातात घेतला. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"भावजय."

"भावजय?" त्यानं पुन्हा एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या घरीही नणंद-भावजय असाव्यात, कारण त्यानंतर त्यानं काहीच विचारलं नाही आणि चहा निमूटपणे संपवला.

बाहेर आला तेव्हा सगळी गर्दी तशीच होती. अक्का चौकटीला धरून उभी होती. हवालदारानं टोपी नसतानाही टोपी सारखी केल्यासारखा हात डोक्यावरून फिरवला.

"मी सगळी माहिती घेतली," तो म्हणाला. "सत्याग्रह म्हणजे काही चोरी-दरोडा नव्हे. त्यासाठी रजिस्टर बघायला जायची गरज नाही. पासपोर्टाला माझ्याकडून अडचण नाही. अक्का, लंकेहून आल्यावर प्रसाद पाठवा."

"आमच्यात प्रसाद नसतो," जयराम म्हणाला.

"मग पिंपळाचं पान पाठवा," हवालदार म्हणाला, आणि गेला.

बायांनी अक्काला घेरलं. सरकारसुद्धा अक्काच्या जेलाला मान देतं हे सिद्ध झालं, असं शकुबाईनं जाहीर केलं. जयराम म्हणाला की हा नियम त्याला माहीतच होता. भिकनरावांनी पेपर पुन्हा उघडला. अक्कानं मात्र जयभीम करून एकेकीला वाटेला लावलं, आणि घर रिकामं झाल्यावर ती स्वयंपाकघरात आली.

विमलाबाई भाकरी थापत होत्या. अक्का नेहमी त्यांना उठवून स्वतः तव्यापाशी बसायची. आज ती हवालदाराच्या पाटावर बसली.

"च्याला लय येळ लागला."

"दूध नासलं होतं."

"कुसाबाईनं सांगितलं ना तुला?"

विमलाबाईंचा हात थांबला. "हो."

"कवा?"

"दिंडोरीला, जनाच्या लग्नात."

अक्कानं मनाशी हिशेब केला. "म्हंजी भाऊबीजेला मी तुला म्हनले, तुझा जल्म चुलीपाशी गेला, समाजासाठी काय केलं तू, तवा तुला ठावं व्हतं?"

"होतं."

"मंग बोलली का नायस?"

विमलाबाईंनी खरं तेच सांगितलं. "ठेवून दिलं होतं. तुमच्यावरच टाकायचं म्हणून ठेवलं होतं. रोज वाटायचं, आज टाकू."

अक्कानं परातीच्या काठाचं पीठ बोटानं गोळा केलं. मग म्हणाली, "त्या गाडीमागं पळाले मी, विमल. वणीच्या रस्त्यानं. वराडत व्हते, आमाला कुटं सोडता, आमाला आत न्या. पोलीस हसत व्हते. पायातली चप्पल गेली. गाडी गेली धुरळा उडवत. म्हनलं, आता कोन्च्या तोंडानं घरी जाऊ? दादल्या मानसांना आत घेतलं, माझ्या बरुबरीच्या बायांना आत घेतलं, आन मला सरकारनं जेलापुरतीबी मोजली नाय." तिनं पदरानं नाक पुसलं. "मंग एकदा बोलून गेले. मागं घेता आलं नाय."

विमलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना स्वतःचाच राग आला, कारण इतकी वर्षं जपून ठेवलेलं हत्यार हातातून गेलं होतं आणि त्याचं त्यांना दुःखही होत नव्हतं. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. ती जाड झाली होती. अक्कानं ती पाहिली.

"भिकनला सांग," जरा वेळानं अक्का म्हणाली, "आनखी एक फार्म आन म्हनावं."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. तुमी दोगी या, दोन जागा हायेत, असं विहारातले भंतेजी म्हनलेच व्हते. तितं महिनाभर मी कुनाशी भांडू?"

विमलाबाईंनी फळ्यांवरच्या डब्यांकडे पाहिलं. कुठला डबा कुठं हलवायचा ते सगळं ठरलेलं होतं. महिनाभराचं मोकळं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यातली पहिली आमटीसुद्धा ठरलेली होती, चिंच घालून, अक्काला न आवडणारी.

"आणि तो पोलीस माझी चौकशी करायला आला तर?" त्या म्हणाल्या. "माझ्याविषयी काय सांगणार तुम्ही?"

अक्कानं उठून तव्यावरची भाकरी उलटली.

"सांगन, बाई भांडकुदळ हाय, भाकरी जाड करती," ती म्हणाली. "पन हिच्या पोटात काय गेलं, की सरकारनं मारलं तरी भाईर निघायचं नाय."